विश्लेषण : घरचा हॅम्बर्गर रबरासारखा का होतो? मीठ नेमके कधी घालावे?

खिमा ताजा, पाव मऊ, वर चीजही भरपूर. तरीही घरी केलेला हॅम्बर्गर चावताना रबरासारखा लागतो, ही तक्रार नेहमीची आहे. दोष दर वेळी मांसाचा किंवा तव्याचा नसतो. मीठ खिम्यात कालवले की पॅटी तव्यावर टाकताना वरून लावले, यावर बरेच काही ठरते. मीठ केवळ चव देत नाही, ते मांसाची रचनाही बदलते. ही प्रक्रिया कशी घडते आणि घरच्या बर्गरसाठी मीठमसाल्याची योग्य पद्धत कोणती, याविषयी…

हॅम्बर्गरच्या पॅटीत मुळात काय असते?

हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरावरून आले. पदार्थ मात्र वाढला आणि जगभर पोहोचला तो अमेरिकेतून. तेथे आजही हॅम्बर्गर म्हणजे गोमांसाच्या खिम्याची पॅटी असाच अर्थ घेतला जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची व्याख्याच करून ठेवली आहे. ‘हॅम्बर्गर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खिम्यात चरबीचे प्रमाण ३० टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. त्यात मीठमसाला घालता येतो, पण पाणी किंवा खिमा बांधून ठेवणारे पदार्थ मिसळता येत नाहीत.

म्हणजे मांस, चरबी आणि मीठ-मिरी एवढ्यावरच हा पदार्थ उभा आहे. घरगुती बर्गरसाठी साधारण ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी हे प्रमाण चांगले मानले जाते. तव्यावर चरबी वितळते आणि खिम्याच्या तंतूंमध्ये पोकळी राहते. चांगला बर्गर दातांखाली अलगद सुटतो तो या पोकळीमुळे. अंडे, पावाचा चुरा आणि पाकिटातले कांद्याचे सूप मिसळून पॅटी थापण्याची पद्धत अनेक अमेरिकी घरांत आहे. पण चवीने आणि पोताने ती ‘मीटलोफ’ या भाजलेल्या खिम्याच्या वडीजवळ जाते.

मीठ आत कालवले की काय होते?

मांसाच्या स्नायूंमध्ये मायोसिन नावाचे प्रथिन असते. ते साध्या पाण्यात सहज विरघळत नाही, मिठाच्या पाण्यात विरघळते. खिम्यात मीठ घातले की मांसातलेच पाणी मिठाला ओढून घेते आणि तंतूंमधले मायोसिन सुटे होऊ लागते. हाताने मळले की ही प्रक्रिया आणखी वेगाने होते. खिमा चिकट होतो आणि बोटांना धरून राहतो.

अशी पॅटी तापली की सुटे झालेले मायोसिन जाळ्यासारखे घट्ट होते आणि खिम्याचे कण एकमेकांना बांधून टाकते. सॉसेज कापले की त्याची सलग, गुळगुळीत चकती निघते ती यामुळेच. सॉसेजमध्ये हा गुण हवा असतो, बर्गरमध्ये तोच दोष ठरतो. मीठ घातलेला खिमा तासभर फ्रिजमध्ये ठेवला तर परिणाम अधिकच जाणवतो. ‘मुरू द्यावे’ हा सल्ला येथे उलटा पडतो.

मांसाच्या अखंड तुकड्याचे गणित वेगळे असते. त्यावर आदल्या दिवशी मीठ लावले तरी ते बाहेरून हळूहळू आत जाते आणि तुकडा रसदार राहतो. खिम्यात मात्र मांसाचे असंख्य बारीक कण झालेले असतात. मीठ एकाच वेळी सगळीकडे पोहोचते, बांधणीही सगळीकडे होते.

मग कबाबाचा खिमा मीठ घालून का मळतात?

कारण तेथे तेच हवे असते. सीख कबाबाचा खिमा सळईला धरून राहायला हवा. म्हणून तो मीठ घालून चिकट होईपर्यंत मळतात. आपल्याकडचे खिम्याचे कटलेटही तळताना फुटू नये म्हणून मीठ, आले-लसूण आणि भिजवलेला पाव घालून कालवले जाते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत.

गडबड होते ती हाताच्या सवयीमुळे. खिमा समोर आला की मीठ-मसाला घालून मळायचा, हे इतके अंगवळणी पडलेले असते की बर्गरलाही तोच न्याय लावला जातो. मग पावात कबाब भरल्यासारखा पदार्थ तयार होतो. तो चवीला वाईट असेलच असे नाही, पण तो हॅम्बर्गर नव्हे.

मीठ कधी आणि कसे लावावे?

खिमा थंडगार ठेवावा. हाताच्या उबेने चरबी विरघळू लागली तर पॅटी घट्ट होते. खिमा न मळता, जेमतेम गोळा होईल इतकाच हलक्या हाताने एकत्र करून थापावा. शिजताना मधला भाग फुगतो, म्हणून मध्यभागी अंगठ्याने उथळ खळगा करावा. मग तवा पूर्ण तापल्यावर, पॅटी टाकण्याच्या अगदी आधी दोन्ही बाजूंना मीठ भुरभुरावे.

यात दहा-पंधरा मिनिटांचा उशीरही नडतो. मीठ पृष्ठभागावर पाणी ओढून आणते. ओली पॅटी तव्यावर गेली की आधी ते पाणी उडावे लागते, तोवर ती भाजण्याऐवजी वाफवली जाते. खमंग तपकिरी कवच पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर वेगाने तयार होते. या प्रक्रियेला ‘मायार अभिक्रिया’ म्हणतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले होते. मीठ आणि हे कवच एकाच ठिकाणी असल्याने पहिल्याच घासाला चव भरून येते.

अमेरिकी पाकलेखक जे. केन्जी लोपेझ-आल्ट यांनी मीठ आत घातलेल्या आणि फक्त बाहेरून लावलेल्या पॅटींची तुलना करून हा मुद्दा सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला. त्यांचे ‘द फूड लॅब’ हे पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मीठ किती? चमच्यांचा घोळ काय?

मांसाच्या वजनाच्या पाऊण ते एक टक्का मीठ हे सोयीचे प्रमाण आहे. अर्धा किलो खिम्याच्या चार पॅटी केल्या तर चौघींना मिळून चार ते पाच ग्रॅम, म्हणजे आपल्या बारीक मिठाचा साधारण पाऊण लहान चमचा. तो चार पॅटींच्या आठ बाजूंना वाटायचा आहे.

अमेरिकी पाककृती पाहून बर्गर करणाऱ्यांची फसगत येथेच होते. त्या कृतींत बहुधा ‘कोशर’ मीठ लिहिलेले असते. त्याचे कण मोठे आणि पोकळ असल्याने चमच्यात कमी मीठ मावते. त्यातील एका लोकप्रिय ब्रँडच्या लहान चमच्यात सुमारे तीन ग्रॅम मीठ बसते, तर आपल्या बारीक मिठाच्या तेवढ्याच चमच्यात सुमारे सहा ग्रॅम. चमच्यास चमचा घातला की बर्गर दुप्पट खारट होतो. म्हणून वजनाचे माप अधिक भरवशाचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. एका पॅटीवरचे एक ते सव्वा ग्रॅम मीठ म्हणजे त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा. शिवाय चीजची चकती, लोणच्याची काकडी, केचप, मोहरीची चटणी आणि खुद्द पाव या सगळ्यांत मीठ असते. ही सगळी चळत रचायची असेल, तर पॅटीवरचे मीठ निम्म्यावर आणले तरी चवीत फारसे उणे वाटत नाही.

कांदा, आले-लसूण आणि मसाल्यांचे काय?

कच्चा कांदा चिरून खिम्यात घातला की पाणी सुटते आणि पॅटी फुटते. आल्यात प्रथिने तोडणारे विकर असते. आल्याचा वाटलेला गोळा खिम्यात राहिला तर मांस मऊ पडून पिठूळ होऊ शकते. लसणाचे तुकडे पृष्ठभागावर आले तर करपून कडू होतात.

कांद्याची चव हवी असेल तर तो वेगळा परतून वर ठेवता येतो किंवा पॅटीबरोबर तव्यावर शिजवता येतो. १९२१ मध्ये कॅन्सासमधील विचिटा शहरात सुरू झालेल्या ‘व्हाइट कॅसल’च्या छोट्या बर्गरची ओळखच कांद्याच्या थरावर शिजणारी पॅटी ही आहे. आत काही मिसळायचेच असेल तर कांद्याची किंवा लसणाची कोरडी पूड चिमूटभर चालते. मिरी ताजी भरडलेली असावी. फार तापलेल्या तव्यावर ती करपते, म्हणून काही जण ती पॅटी उलटल्यानंतर घालतात. गरम मसाला किंवा तिखटाची आवड असेल तर ते सॉसमध्ये घालणे सोपे पडते. तेथे ते चाखून कमी-अधिक करता येते.

कच्चा खिमा चाखून पाहणे धोक्याचे का?

खिम्यातले मीठ बघण्यासाठी बोटाला लागलेला कच्चा खिमा जिभेवर ठेवणे टाळायलाच हवे. अखंड मांसावर जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत मिसळतो. जे मिठाचे तेच जिवाणूंचे, तेही सगळीकडे पोहोचतात. खिम्यात घातलेल्या मिठाने ते मरत नाहीत.

अमेरिकेने याची किंमत मोजली आहे. १९९२च्या अखेरीपासून १९९३च्या सुरुवातीपर्यंत ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीतील अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूचा संसर्ग पसरला. ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर १९९४ मध्ये तेथील कृषी खात्याने हा जिवाणू असलेला कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवला.

तेथील नियमानुसार गोमांस, मटण किंवा डुकराच्या खिम्याची पॅटी मध्यभागी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि चिकनची ७४ अंशांपर्यंत तापायला हवी. केवळ रंगावर विसंबू नये, कारण पॅटी पुरेशी तापण्याआधीच आतून तपकिरी दिसू शकते. स्वयंपाकाचा तापमापक हा खात्रीचा उपाय. चव पाहायची असेल तर लिंबाएवढा गोळा चपटा करून आधी तव्यावर पूर्ण शिजवावा आणि मग खावा. बाकीच्यांचे मीठ त्यावरून ठरवावे.

महाराष्ट्रातल्या घरांत कोणता बदल करावा?

महाराष्ट्रात २०१५ च्या कायदादुरुस्तीपासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही. घरोघरी बर्गर होतात ते मात्र मुख्यतः मटण आणि चिकनचे. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचे. त्यात चरबी कमी असल्याने खाटकाला थोडी चरबी घालूनच खिमा करायला सांगावे, तोही जाडसर. मीठ बाहेरून लावण्याचा नियम मटणाला जसाच्या तसा लागू पडतो.

चिकनचा खिमा मुळातच ओलसर असतो आणि त्यातली चरबीही कमी. मीठ घालून मळला तर तो लवकर लगद्यासारखा होतो. त्यामुळे पावाचा थोडा चुरा घालण्यास हरकत नाही, मात्र मीठ तव्याजवळच. बटाटा-भाज्यांच्या पॅटीत मायोसिनचा प्रश्नच नसतो, तेथे मीठ आत घालावे. फक्त भाज्यांना सुटणारे पाणी आधी पिळून काढावे.

हा फरक पडताळून पाहणेही अवघड नाही. एकाच खिम्याचे दोन भाग करावेत. एकात मीठ कालवून तो अर्धा तास ठेवावा, दुसऱ्याच्या पॅटीला तव्यावर टाकताना वरून तेवढेच मीठ लावावे. दोन्ही पूर्ण शिजल्यावर मधोमध मोडून पाहाव्यात. एक वडीसारखी सलग तुटेल, दुसरी मोकळी होऊन सुटेल.