जुना लॅपटॉप, नवी सिस्टीम : आधी ओव्या, मग विंडोज

नाताळच्या सुट्टीत बालाघाटला घरी गेलो, तर ताई लॅपटॉपसमोर तोंड पाडून बसलेली. बारावीत चांगले गुण मिळाले म्हणून मध्य प्रदेश सरकारकडून तिला लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये मिळाले होते. त्यातून २०१७ मध्ये घेतलेला हा लॅपटॉप. आता स्क्रीनवर सूचना येत होती की, हा विंडोज ११ चालवू शकत नाही. दुकानदाराने तर एका वाक्यात निकाल लावला, "नया ले लो, दीदी."

पण लॅपटॉप चालू होता! मग बिघडलं काय होतं?

मित्रांनो, बिघडलं काहीच नव्हतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. म्हणजे सिस्टीम चालते, पण सुरक्षेच्या फटी बुजवणारे अपडेट आपोआप येणं बंद होतं. नाव नोंदवलं तर आणखी एक वर्ष ते मिळतात, ही तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप किंवा प्रोसेसरमधली तशी सोय. शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ताईचा सहाव्या पिढीचा. म्हणून नापास.

'सपोर्ट नाही' याचा अर्थ 'चालणारच नाही' असा नसतो. 'चालली तर चालली, जबाबदारी आमची नाही' असा असतो. त्यामुळे आपल्यापुढे दोन वाटा उरतात.

पहिली वाट, अट चुकवून विंडोज ११ टाकायची. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फाइल उतरवून 'रूफस' नावाच्या छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवला, तर टीपीएमची तपासणी वगळता येते. बहुतेक लॅपटॉपवर हे जमतं. मात्र पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही आणि वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती बहुधा पुन्हा हातानेच टाकावी लागते. फारच जुन्या प्रोसेसरवर तर २०२४ नंतरची आवृत्ती सुरूच होत नाही.

दुसरी वाट लिनक्सची. उदाहरणार्थ लिनक्स मिंट. तिची २२ वी आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर बरं, आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणजे ज्या मशीनला एका कंपनीने नापास केलं, ते दुसऱ्या सिस्टीमच्या परीक्षेत सहज पास! केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षांपासून लिनक्सवर शिकवतात. अडचण एवढीच की टॅली, एमएस ऑफिस किंवा काही ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअर तिथे सरळ चालत नाहीत. तुमचं काम त्यांच्यावर अडलेलं असेल तर आधी विचार करा.

आम्ही मिंट निवडली. तिचा मोठा फायदा असा की काहीही न पुसता, पेनड्राइव्हवरूनच ती चालवून बघता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवला, लॅपटॉप सुरू करताना एफ-१२ दाबलं (काही कंपन्यांत एफ-९ किंवा एस्केप असतं) आणि मिंट उघडली. वायफाय चाललं, आवाज आला, कीबोर्ड चालला. मी म्हटलं, "टाकून देऊ?"

ताई म्हणाली, "थांब, आजीच्या ओव्या उघडून बघ."

आजीच्या जात्यावरच्या ओव्या ताईने टाइप करून ठेवलेल्या. चाळीस पानं, दुसरी प्रत नाही. आजी आता नाही. फाइल उघडली आणि पोटात गोळा आला. पानभर नुसती इंग्रजी अक्षरं!

कारण साधं होतं. आमच्याकडच्या टायपिंग सेंटरवर शिकवतात तसं ताईने कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलं होतं. कृतिदेवमध्ये फाइलच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच. असतात ती रोमन अक्षरं, फाँट त्यांना फक्त देवनागरीचा अंगरखा चढवतो. फाँट नसला की 'मराठी' हा शब्द ई-जे-के-बी-एच असा दिसतो. ओव्या गेल्या नव्हत्या, पण फाँट विंडोजमध्येच राहिला होता. डिस्क पुसली असती तर तोही गेला असता.

म्हणून क्रम असा ठेवा. एक, सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्या दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. दोन, विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून जुने फाँटही उचला. तीन, जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि स्वतः वाचून तपासा, कारण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'ऱ्य' हमखास बिघडतात. चार, पेनड्राइव्हवरून सिस्टीम चालवून बघा. पाच, बॅटरी पूर्ण भरा. आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मगच 'इन्स्टॉल' दाबा, कारण त्यानंतर डिस्क पुसली जाऊ शकते.

आम्हाला दोन दिवस लागले. त्यातला दीड दिवस ओव्या तपासण्यात गेला, सिस्टीम टाकायला अर्धा तासही लागला नाही. नव्या टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला. त्यात शिफ्टसह 'एन' दाबलं की 'ळ' येतो. ताई अजून 'ळ' शोधतेच, पण लॅपटॉप झकास चालतो आणि आजीच्या ओव्या आता आईच्या फोनवरसुद्धा उघडतात.

तुमचे जुने लेख, कविता कृतिदेवमध्ये पडून असतील तर सिस्टीम बदला किंवा नका बदलू, पण या सुट्टीत त्यांना युनिकोडमध्ये आणून ठेवा. लॅपटॉप नवा घेता येतो, ओव्या सांगणारी आजी नाही.