एकेकाचं पठण ऐकायचं कधी?

इंडोनेशियात २००३ च्या शिक्षण कायद्याने प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या धर्माचं शिक्षण, तेही त्याच धर्माच्या शिक्षकाकडून मिळण्याचा हक्क दिला. २०१३ च्या अभ्यासक्रमात दहावी ते बारावीसाठी या विषयाच्या तासिका आठवड्याला दोनाच्या तीन झाल्या. तासिका ४५ मिनिटांची, वर्गात ३६ पर्यंत मुलं. इस्लामच्या तासात कुराण-हदीस, श्रद्धा, आचरण, फिक्ह (धर्मनियम) आणि इतिहास १३५ मिनिटांत बसवल्यावर एकेकाचं कुराणपठण ऐकायला वेळ उरायचा कुठे?

तोवर इंटरनेट म्हणजे पुस्तकाला पुरवणी होती. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद पडल्या आणि त्या वर्षीची राष्ट्रीय परीक्षाही रद्द झाली. मग धर्माचा तास गुगल क्लासरूम, व्हॉट्सॲप आणि आपल्या बंगळुरूत घडलेल्या क्विझिझ या प्रश्नमंजुषेच्या ॲपवर भरू लागला. सप्टेंबरपासून सरकारने विद्यार्थ्यांना दरमहा ३५ जीबी मोफत डेटा दिला. त्यातला ३० जीबी फक्त शिक्षणाच्या ॲपसाठी होता. जिथे रेंजच नव्हती, तिथे तो असून नसल्यासारखा.

नियमांचा भाग ऑनलाइन छान जमला. अरबीतल्या स्वरहीन ‘नून’पुढे ‘बा’ आला की ‘नून’चा उच्चार ‘मीम’सारखा होतो, हा तज्वीदचा (कुराणपठणातल्या उच्चारशास्त्राचा) नियम प्रश्नमंजुषेत चटकन पक्का होतो. मुलंबाळं असतील तर पत्नीला अष्टमांश, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट, हे वारसाहक्काचं गणित स्प्रेडशीटवर सुटतं. पण मृताला कफन कसं गुंडाळायचं, हे व्हिडिओ पाहून हाताला वळण लागत नाही.

खरा फरक पडला तो पठणाच्या ध्वनिमुद्रणाने. वर्गात तोंड न उघडणारी मुलं घरी चार वेळा म्हणून पाहायची आणि त्यातलं बरं पाठवायची. शिक्षकालाही प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकता आला. ‘सीन’ आणि ‘साद’ यांतला फरक मात्र फोनवर निसटतो; ‘साद’ला जिभेचा मागचा भाग कसा उचलायचा हे समोर बसूनच दाखवावं लागतं.

शाळा पुन्हा भरल्या, २०२२ मध्ये नवा अभ्यासक्रमही आला. ध्वनिमुद्रण घरी आणि चुकलेल्या अक्षरांची दुरुस्ती वर्गात, ही वाटणी टिकवण्याजोगी आहे. पण कायद्याने शिक्षकाला आठवड्याला किमान २४ तासिका घ्याव्या लागतात. म्हणजे या विषयाचे आठ वर्ग, आणि ते भरलेले असतील तर २८८ मुद्रणं. ती ऐकण्याचा वेळ कामात धरला नाही, तर वर्गात वाचलेली मिनिटं शिक्षकाच्या घरून वसूल होतील.