धक्का सोसणारा देह

अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपल्या असे समजून पाऊल टाकावे आणि खाली आणखी एक पायरी निघावी, हा अनुभव पुष्कळांना आहे. उंची जेमतेम वीतभर; पण हादरा थेट दाढांपर्यंत पोहोचतो. उलट, मुले तीन-तीन पायऱ्या एकदम उडी मारून उतरतात व हसत पळून जातात. असे का व्हावे?

हालणारी वस्तू जितकी एकाएकी थांबते, तितका आघात जबर असतो. तोच वेग क्रमाक्रमाने जिरवला, तर आघात सौम्य होतो. झेल घेताना खेळाडू चेंडूबरोबर हात मागे नेतो, तो ह्याच कारणाने. उडी मारताना पोटऱ्यांचे व मांड्यांचे स्नायू पाय टेकण्यापूर्वीच सज्ज झालेले असतात; मग घोटे, गुडघे व खुबे वाकतात आणि वेग जिरतो. अंधारातील पायरीची मात्र स्नायूंना वर्दीच नसते.

ह्याशिवाय शरीरात जागोजाग गाद्या आहेत. टाचेखालील चरबी तंतुमय पडद्यांच्या लहान कप्प्यांत कोंडलेली असल्यामुळे दाबली तरी फारशी पसरत नाही. मणक्यांच्या मधे २३ लवचीक चकत्या असतात. दिवसभराच्या भाराने त्यांतील थोडे पाणी पिळून निघते. म्हणून सायंकाळी आपली उंची सकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर कमी भरते व रात्रीच्या निजेत पूर्ववत् होते. मेंदू तर द्रवात तरंगत असतो. सुमारे १४०० ग्रॅमच्या मेंदूचा भार त्यात अवघा ५० ग्रॅमच्या आसपास उरतो.

परंतु ह्या व्यवस्थेला मर्यादा आहेत. वार्धक्यात स्नायू क्षीण होतात, सावरण्यास विलंब लागतो; मनुष्य कुशीवर आपटतो आणि खुब्याचे हाड मोडते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या वाटेवर रात्री दिवा असावा.

मेंदूभोवतीचा द्रव धावण्याचे हादरे सोसतो. मोटारसायकलीवरून पडण्याचा आघात त्यास सोसवत नाही. कवटी थांबते, मेंदू पुढे जाऊन तिच्यावर आतून आदळतो. अशा वेळी शिरस्त्राणातील फेसाळ थर स्वतः चिरडला जाऊन डोक्याला थांबण्यास अधिक अवधी देतो. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. तेव्हा जबर आघात सोसलेले शिरस्त्राण, वरून धड दिसले तरी, टाकून द्यावे व नवे घ्यावे.