उजेडाने घट्ट होणारा डिंक : कुठे लावावा, कुठे लावू नये



बाजारात हल्ली पेनाएवढी डिंकाची नळी मिळते. तिला बारीक जांभळा दिवा असतो. थेंब टाकायचा, दिवा धरायचा, की काही सेकंदांत थेंब दगडासारखा! हे पाहून धाड परिसरातल्या कुणालाही वाटेल, की गळकी पाइपलाइनसुद्धा यानेच सांधावी. पण जरा थांबा. आधी हा डिंक काम कसा करतो ते पाहू.

घट्ट कसा होतो?

साध्या डिंकातले पाणी उडाले की तो वाळतो. या डिंकातून काही उडून जात नाही. यात राळेचे सुटे रेणू असतात आणि उजेडाने जागे होणारे थोडे रसायन असते. दिव्यातले अतिनील, म्हणजे यूव्ही किरण पडले की ते रसायन फुटते. मग सुटे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात व त्यांची पक्की जाळी विणली जाते. हे किरण उन्हातही असतात, म्हणून नळी काळी असते. दातांचे डॉक्टर निळा दिवा धरून दात भरतात, तेही याच तत्त्वावर.

प्रकार कोणते?

१. अ‍ॅक्रिलेट : झटपट घट्ट होतो. उजेड काढला की काम थांबते. हवेतील प्राणवायूमुळे वरचा थर कधी चिकट राहतो.

२. इपॉक्सी : थोडा सावकाश. पण एकदा सुरुवात झाली की उजेड काढल्यावरही घट्ट होत राहतो, आणि कमी आकसतो.

३. दुहेरी : उजेडातला भाग किरणांनी, सावलीतला भाग उष्णतेने किंवा ओलाव्याने घट्ट होतो. हा मुख्यतः कारखान्यात वापरतात.

शेतावर काय करावे?

मोबाइलची किंवा मीटरची काच पारदर्शक असते. तिथे हा डिंक चालतो.

ठिबकची नळी काळी असते. ऊन अडवावे म्हणूनच तिच्यात दोन-तीन टक्के काजळी घातलेली असते. शिवाय पॉलिथिनला डिंक नीट धरतच नाही. फाटका भाग कापा आणि जॉइनर बसवा.

पीव्हीसी पाइपच्या सांध्यात आत उजेड पोचत नाही, तिथला डिंक कच्चाच राहतो. तिथे सोल्युशनच लावा. ते दोन्ही पृष्ठभाग मऊ करून एकजीव करते. पाइप कोरडा पुसा, आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ दिल्याशिवाय मोटर सुरू करू नका. रात्रीच्या विजेवर मोटर चालली आणि वरवरचे ठिगळ उडाले, तर पाणीही जाते आणि हरभऱ्याची पाळीही हुकते.

एवढे सांभाळा

दिव्याकडे थेट पाहू नका. कच्चा डिंक हाताला लागला तर साबणाने धुवा, त्याने कातडीला खाज सुटू शकते. नळी सावलीत आणि मुलांपासून दूर ठेवा.

थोडक्यात, जिथे उजेड पोचतो तिथेच हा डिंक. बाकी ठिकाणी आपले नेहमीचे सोल्युशन आणि जॉइनरच बरे.