हाड घडवणाऱ्या पेशी : बशीपासून खुब्यापर्यंत

हाडाच्या पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांत एका लाल रंगाला फार मान आहे. अस्थिमज्जेतून मूलपेशी काढतात, प्लास्टिकच्या बशीत वाढवतात आणि मीडियममध्ये तीन गोष्टी घालतात : डेक्सामेथासोन, क जीवनसत्त्व आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. पहिल्याने पेशी हाडाच्या वाटेला लागतात, दुसऱ्याने कोलॅजन नीट तयार होतं, तिसऱ्यातून फॉस्फेट मिळतं. तीनेक आठवड्यांनी अलिझरिन रेड ओतलं की कॅल्शियम साचलेली जागा लालभडक होते. तो फोटो शोधनिबंधात येतो आणि पेशींनी हाड घडवलं असं मानलं जातं.

माझा आक्षेप इथेच आहे. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झालं तर कॅल्शियम फॉस्फेट आपोआप साचतं. मरणाऱ्या पेशींवरही त्याचा थर धरतो. रंग सगळीकडे सारखाच चढतो. खऱ्या हाडात खनिजाचे कण कोलॅजनच्या तंतूंच्या आतही, दिशा धरून बसलेले असतात. ते पाहायचं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा आणि तेवढी चिकाटीही.

या विद्येची पाळंमुळं मॉस्कोत आहेत. मज्जेतल्या पेशी दुसरीकडे रोवल्या तरी हाड होतं, हे अलेक्झांडर फ्रीडेनस्टाईन यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. त्याच सुमारास, १९६५ मध्ये, अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी आम्लाने खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं आणि तिथे चक्क नवं हाड उगवलं. त्यामागची प्रथिनं म्हणजे बीएमपी. १९९७ मध्ये रनएक्स२ या जनुकाचं महत्त्व कळलं : ते नसलेल्या उंदराच्या पिलांचा सांगाडा कूर्चेचाच राहिला.

त्यानंतर बराच काळ भर रसायनांवर राहिला. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एंगलर आणि डिशर यांच्या गटाने वेगळीच दिशा दाखवली. मऊ जेलवर ठेवलेल्या मूलपेशी चेतापेशींसारख्या दिसू लागल्या, मध्यम जेलवर स्नायूंसारख्या आणि कडक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या. पायाखालची जमीन किती टणक आहे, हे पेशीला कळतं! मला या क्षेत्रातला हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

२०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी रेशमाच्या प्रथिनाच्या सच्छिद्र सांगाड्यावर मानवी मूलपेशी पेरल्या आणि द्रव सतत ढवळत ठेवला, म्हणजे पेशींना प्रवाहाचा ताण मिळावा. काही पेशी हाड घडवणाऱ्या झाल्या, काही स्वतः रचलेल्या जाळ्यात रुतून एकमेकींशी जोडल्या गेल्या. खनिजही कोलॅजनमध्ये बसलं. लाल रंगापुढे जाऊन दिलेला हा पुरावा. मात्र तुकडा मोठा करायचा तर रक्तवाहिन्या लागतात, कारण पेशीपासून केशवाहिनी काही दशांश मिलिमीटरपेक्षा लांब असून चालत नाही. ती गाठ अजून सुटलेली नाही.

उपचारांत बीएमपी-२ ला अमेरिकेत २००२ मध्ये कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. शरीरात जे अत्यल्प असतं ते मिलिग्रॅमने दिलं गेलं. पुढे सूज आणि नको तिथे वाढलेलं हाड अशा तक्रारी आल्या. पेशींची वाट संथ आहे, पण मला ती अधिक आश्वासक वाटते. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांच्या लांब हाडांतली मोठी पोकळी त्यांच्याच मज्जेतल्या पेशी आणि सच्छिद्र सिरॅमिक वापरून भरून काढली.

आपल्याकडे मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसला २०१७ मध्ये रुग्णाच्याच मज्जेतून वाढवलेल्या हाडाच्या पेशींसाठी परवानगी मिळाली. उद्देश खुब्याच्या नेक्रोसिसचा, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचं डोकं मरण्याचा उपचार. कोविडनंतर मुंबईच्या डॉक्टरांनी याच आजाराची नोंद केली, स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत. आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडच आहे. बशीत अत्यल्प मात्रेत पेशींना हाडाकडे वळवणारं औषध शरीरात मोठ्या मात्रेने हाडाचा घात का करतं, याची काही कारणं हाती आली आहेत : पेशी चरबीकडे वळतात, हाड घडवणाऱ्या पेशी मरतात, बारीक वाहिन्या बंद होतात. प्रत्येकाचा वाटा किती, हे तपासायला रक्तवाहिन्या असलेलं प्रयोगशाळेतलं हाडच लागेल.