नोंदवहीत नसलेला रकाना

मी एका महानगरपालिकेच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. माझे वडील त्याच शहराच्या भुयारी गटारात उतरत. त्यांनी जे हातांनी उपसले, तेच मी बाटलीत भरून मोजतो. घाण म्हणजे काय, ती कशी मोजतात आणि कशी आवरतात, हे आपल्या माणसांनी नीट समजून घ्यावे असे मला वाटते. कारण घाणीच्या नावाखाली या देशात माणसेच मोजली गेली आहेत.

गटाराच्या पाण्यात हजारात नऊशे नव्व्याण्णव भाग पाणीच असते. सारा खटाटोप उरलेल्या एका भागासाठी. केंद्राच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी असते. तिथे चिंध्या, प्लास्टिक अडकते. पुढच्या टाकीत वाळू बसते, त्यापुढच्या मोठ्या टाकीत पाणी संथ ठेवले की जड मैला तळाशी जातो. विरघळलेला मैला मात्र राहतोच. तो काढण्याची रीत १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवली. पाण्यात सतत हवा सोडायची आणि खाली बसलेला गाळ टाकून न देता पुन्हा नव्या मैलापाण्यात मिसळायचा. त्या गाळात कोट्यवधी जिवाणू असतात. ते मैला खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. वरचे पाणी निवळते. रोगजंतू मारण्यासाठी शेवटी त्यात बहुधा क्लोरीन घालतात.

पाणी किती सुधारले हे ठरवायला आम्ही बीओडी मोजतो. पाण्यातला मैला खाण्यासाठी जिवाणूंना जेवढा प्राणवायू लागतो, तेवढी ती घाण. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून हा आकडा काढतात. शहरी मैलापाण्यात तो लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास येतो. नदीत सोडताना तो ३० च्या वर जाऊ नये, ही आपल्याकडची जुनी सर्वसाधारण मर्यादा. पुढे काही ठिकाणी ती आणखी कडक झाली.

हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मला महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले. दूध, दही, तूप, शेण, गोमूत्र! यांतली प्रत्येक वस्तू पाण्यातला प्राणवायू खाते. एकट्या दुधाची बीओडी मैलापाण्याच्या शेकडो पट असते. माणसाच्या ओंजळीने तळ्याचे काही बिघडले नव्हते. बिघडवले ते शुद्धीने. जात कोणत्याही बाटलीत सापडत नाही, पण शेण सापडते.

जिवाणूंना सगळेच पचत नाही. मुलामा देण्याच्या कारखान्यातले निकेल, कॅडमियम, कातडी कमावण्यातले क्रोमियम हे धातू कुजत नाहीत. ते गाळात साचतात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर मातीत उतरतात. जास्त झाले तर जिवाणूच मरतात आणि सारे केंद्र बंद पडते. म्हणून आमच्या धंद्याचा नियम असा की, शेवटी जे काढता येत नाही ते उगमाशीच अडवायचे. कारखान्याने आपले पाणी आपल्या आवारात सुधारून मगच गटारात सोडायचे. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. त्याच्या आधाराने कारखान्याच्या नळाशी नमुने घेता येतात आणि मर्यादा मोडणाऱ्याला जाब विचारता येतो.

एकदा मी हे सारे वडिलांना मोठ्या हौसेने समजावून सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "तू पान्यात हवा किती हाय ते मोजतुयास. आमी उतरायचो तवा भोकात हवा किती हाय, ते कोन मोजत हुतं?"

मी गप्प बसलो. उत्तर मला पाठ होते. गटारात पाणी तुंबले की त्यातला प्राणवायू संपतो. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. लाखात दहा भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होते, आणि खाली उतरलेल्याला वाटते, वास गेला, धोका टळला. त्याहून पाच-दहा पट झाला की काही मिनिटांत, कधी एका श्वासात, माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो.

यावरचे उपायही आम्हाला ठाऊक आहेत. पाणी तुंबणार नाही असा उतार ठेवायचा, गटाराला हवा द्यायची, लोहाचे क्षार घालून वायू बांधायचा, तुंबलेले जेटिंग मशीनने फोडायचे. पाण्याच्या या शास्त्रात अवघड असे काही उरलेले नाही.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय गटार किंवा मैल्याची टाकी साफ करायला लावणे गुन्हा ठरवले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई सांगितली, २०२३ मध्ये तीस लाखांची. मेलेल्याची किंमत मोजली गेली. जिवंत माणसाच्या श्वासातली हवा मोजायची राहिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते आणि उभारलेल्या केंद्रांची क्षमता होती ३१,८४१. म्हणजे अजून पुष्कळ केंद्रे बांधायची आहेत, पुष्कळ गटारे खणायची आहेत. त्यांत कोण उतरणार, हे आजच विचारले पाहिजे.

माझ्या नोंदवहीत बीओडी आहे, आम्लता आहे, तरंगते कण आहेत. प्रत्येकासमोर मर्यादा छापलेली आहे. माझी मागणी आणखी एका रकान्याची आहे: आज गटारात किती माणसे उतरली? उगमाशी अडवण्याचा आमचा नियम इथेही लागू करा, आणि त्या रकान्यासमोर मर्यादा छापा, शून्य.