पहिले वर्ष टिकले पाहिजे

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या परिसरातील महाविद्यालयांत खेड्यापाड्यांतून मुले-मुली येतात. अनेकांच्या घरात कॉलेज पाहणारी ही पहिलीच पिढी. शिक्षण सुटते ते बहुधा पहिल्या वर्षातच, आणि कारण दर वेळी अभ्यासाचे असतेच असे नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीसाठी परत येतो, एसटीची वेळ जुळत नाही, इंग्रजी पुस्तक झेपत नाही, शेतीच्या हंगामात घरी हात कमी पडतात. एक-दोन विषय राहिले की मूल गप्प होते आणि मग येणेच थांबवते.

विद्यार्थी अडचण घेऊन येईल, याची वाट न पाहता शिक्षकाने आधी विचारणे, हा त्यावरचा उपाय. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ हा नवागतांसाठीचा उपक्रम सुचवला. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही एका मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे विचारले गेले आहे. पण कोणत्या शिक्षकाकडे कोणते विद्यार्थी, ही यादी फायलीत राहिली तर उपयोग शून्य. सलग गैरहजेरी, पहिल्या चाचणीतले गुण, अपुरा अर्ज या खुणा दिसताच फोन जायला हवा.

न्यूयॉर्कच्या सामुदायिक महाविद्यालयांत 2007 पासून ‘असॅप’ योजना आहे. तिच्यात नियमित समुपदेशन, शुल्काची मदत आणि प्रवासाचा पास एकत्र मिळतो. 2015 च्या अभ्यासात तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण योजनेबाहेरच्या विद्यार्थ्यांत 22 टक्के, तर योजनेतल्या विद्यार्थ्यांत 40 टक्के दिसले. नुसता सल्ला पुरत नाही. त्याला पैशांची आणि प्रवासाची जोड लागते.